सोमवारी काढायची ओळ

जोएन्सू,
गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रिय कैसू,

मागच्या शुक्रवारी राग्नहिल्डने मला एका ओळीबद्दल विचारलं. त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर ते आधी तुला द्यायला हवं, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं आहे. पंधरा तारखेच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं, कारण त्या शनिवारी तुमच्या रस्ता-मंडळाची सभा आहे आणि तुझ्या भावाला, उर्होला, या हिवाळ्यात तलावाच्या बर्फावरच्या रस्त्यावर गाडी घालू द्यायची की नाही हे तिथे ठरणार आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच 'असू दे गं' म्हणशील आणि मी ते लगेच मान्य करीन. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

राग्नहिल्ड म्हणजे त्रोम्सोची एक तरुण मुलगी. उन्हाळ्यापासून ती आपल्या 'कोह्वा' प्रोग्रॅमची माहितीपानं नॉर्वेजियनमध्ये आणते आहे. तू काम सोडल्यावर ती आली, त्यामुळे तुमची ओळख नाही. कामाला चोख आहे. तिचं पहिलं प्रकरण मी तीनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा तर केवळ एका आकड्यापुढे 'सेंटिमीटर' लिहायचं राहिलं होतं म्हणून, आणि तिने हूं की चूं न करता ते दुरुस्त केलं. आता तिला पहिल्या पानाच्या माथ्यावरचा तो छोटा बॅज नॉर्वेजियन शब्दांत हवा होता. तुला तो आठवत असेलच: बोटाच्या पेराएवढी पट्टी, डावा अर्धा भाग करडा, त्यावर 'चाचण्या', उजवा अर्धा हिरवा, त्यावर 'उत्तीर्ण'. तो कसा काढला जातो हे बघायला तिने मी लिहिलेली फाईल उघडली आणि एक्केचाळिसाव्या ओळीवर थांबली. मला लिहिलं, "ही ओळ बहुतेक कधीतरी करून बघताना राहून गेली असावी. ती असेपर्यंत चाचण्यांचं काहीही झालं तरी बॅज हिरवाच निघतो. काढून टाकू का? माझ्याच समजण्यात घोळ असेल तर माफ करा, ओळीपुढे तुमची आद्याक्षरं आहेत म्हणून विचारते." चार दिवस मी तिला उत्तर दिलं नाही. मी लोकांच्या पत्रांना दुसऱ्या दिवशी उत्तर देते, आणि न देणाऱ्यांना काय काय म्हणते, हे तुझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही.

तलावांच्या पाण्याची नोंद ठेवणाऱ्या त्या कचेरीत आपण एकतीस वर्षं एकत्र काढली. तू बाहेर जाऊन मोजायचीस आणि मी आत बसून गणित करायचे. तू लाल नाकाने परत यायचीस, ओले हातमोजे माझ्या टेबलावर टाकायचीस आणि म्हणायचीस, "घे बाईसाहेब, एवढं गार आणलंय, आता गरम खोलीत बसून कोरडं कर." मला राग यायचा, आणि तू गेल्यावर हसू यायचं. निवृत्त झाल्यावर प्रौढांच्या नागरिक शाळेत शनिवारच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात आपण दोघींनी नाव घातलं, तेही तूच ओढून नेलंस म्हणून. तिथेच 'कोह्वा' सुरू झालं. बर्फावर पडलेला हिम भिजून पुन्हा गोठला की जो दुधी, दिसायला जाड आणि आतून पोकळ बर्फ तयार होतो, त्याचं नाव तू प्रोग्रॅमला दिलंस. मी म्हटलं, काहीतरी शुभ नाव दे. तू म्हणालीस, "ज्याला घाबरायचं त्याचंच नाव समोर असलेलं बरं." गावकऱ्यांनी भोक पाडून बर्फाची जाडी मोजायची, आकडा भरायचा, आणि रस्त्यावरून माणूस जावा, गाडी जावी की ट्रॅक्टर, हे प्रोग्रॅमने सांगायचं. एवढंच त्याचं काम, आणि आपण ते फुकट जगापुढे ठेवलं, कुणीही उघडून बघावं म्हणून.

सहासष्टाव्या वर्षी तू चाचण्या लिहायला शिकलीस. 'इतका बर्फ, अशी हवा, तर उत्तर हे यायलाच हवं' असं आधी लिहून ठेवायचं आणि प्रोग्रॅम तेच उत्तर देतो का हे यंत्राने तपासायचं, हे मी तुला समजावत होते. तू मध्येच म्हणालीस, "म्हणजे हे माझं भोकच की! तू कितीही गणित कर, मी जाऊन भोक पाडून बघणार." त्या वर्गातल्या कुणाला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. दोनशे बारा चाचण्यांपैकी एकशे ऐंशी तुझ्या होत्या. मग बॅजची गोष्ट निघाली. बाकीच्या प्रोजेक्टांच्या पहिल्या पानावर असे रंगीत बॅज असायचे, तसा आपल्यालाही हवा असं मी म्हटलं, आणि तू अट घातलीस: रंग माणसाने द्यायचा नाही. कुणी काहीही बदललं की यंत्र सगळ्या चाचण्या चालवील, निकाल एका शब्दात एका फाईलमध्ये लिहील, आणि माझी फाईल तो शब्द वाचून पट्टी रंगवील. एक जरी चाचणी नापास झाली तरी सगळा बॅज लाल. मी म्हटलं, एका चाचणीसाठी एवढं कशाला? तू म्हणालीस, "एक भोक पुरतं गं बुडायला." नियमांच्या पानावर तो नियम मीच माझ्या हाताने लिहिला. आजही तिथे आहे.

पावणेचार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तू हांकानिएमीच्या खाडीत भोक पाडलंस. खाली सोळा सेंटिमीटर स्वच्छ बर्फ, मध्ये चार बोटं पाणी, वर वीस सेंटिमीटर कोह्वा. आपला प्रोग्रॅम स्वच्छ बर्फ पूर्ण धरायचा, दुधी बर्फ अर्धा धरायचा आणि बेरीज करायचा. सोळा आणि दहा सव्वीस, म्हणजे गाडी जाऊ द्या. तुझं म्हणणं होतं की मध्ये पाणी असेल तर वरच्या थराचा उपयोग शून्य. फक्त सोळा धरा. माणूस चालेल, गाडी नाही. तशी चाचणी लिहिलीस, आणि बॅज लाल झाला. मी तुला फोन केला. म्हटलं, "कैसू, तुझं भोक ओढ्याच्या तोंडाशी पडलं असणार. प्रवाहाजवळचं माप सगळीकडे लावता येत नाही." तू म्हणालीस, "भोक माझं आहे. प्रवाह तुझ्या डोक्यात आहे." आपण दोघी हसलो. मी फोन ठेवला आणि हसणं तिथेच संपलं, कारण दहा दिवसांनी कुओपिओला तलावाकाठच्या गावांचा मेळावा होता आणि तिथे 'कोह्वा' दाखवायला मला बोलावलं होतं.

चाचणी खरी ठरवायची तर प्रोग्रॅमचा गाभाच बदलायला हवा होता. तो थर वेगवेगळे ठेवतच नव्हता; मी सुरुवातीलाच त्यांची बेरीज करून टाकत होते आणि पुढचं सगळं त्या बेरजेवर उभं होतं. ते दहा दिवसांचं काम नव्हतं, दोन महिन्यांचं होतं. मेळाव्यात पडद्यावर पहिलं पान येणार, माथ्यावर लाल पट्टी, आणि पहिल्या रांगेत बसलेला कुणीतरी हात वर करणार. पंचवीस वर्षं पुरुषांनी भरलेल्या खोल्यांमध्ये मी आकडे वाचून दाखवले. कुणी हात वर करून मला थांबवलं असा एकही प्रसंग मी विसरलेले नाही. शुक्रवारी दुपारी मी बॅज रंगवणाऱ्या फाईलमध्ये एक ओळ घातली: निकाल काहीही असो, 'उत्तीर्ण' समज. पुढे टीप लिहिली: 'तात्पुरते. सोमवारी काढणे. इ. ह.' माझी आद्याक्षरंही घातली, म्हणजे सगळं रीतसर वाटावं.

शनिवारी सकाळी तुझा फोन आला. मी कॉफी गाळत होते. तू विचारलंस, "इर्मेली, हिरवा झाला! तू दुरुस्त केलंस, की माझीच चाचणी चुकीची होती?" त्या क्षणी 'दोन्ही नाही, मी नुसता रंग फासलाय' एवढं म्हणायचं होतं. तू शिव्या घातल्या असत्यास आणि आपण सोमवारी ती ओळ काढली असती. मी म्हटलं, "तुझ्या आकड्यांत जरा गडबड होती. मी सावरून घेतलं." तू म्हणालीस, "बरं झालं तू बघितलंस. मोजपट्टीवरच्या रेघा मला हल्ली दोन दिसतात." तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं. मला ते माहीत होतं. फोन करण्याआधी माहीत होतं, आणि 'गडबड' हा शब्द मी उच्चारला तेव्हा ते माझ्या डोक्यात होतं.

मेळावा छान झाला. सतरा गावांनी 'कोह्वा' घेतलं. सोमवार आला आणि गेला.

त्या बॅजवर बोट ठेवलं असतं तर मागचं निकालांचं पान उघडलं असतं. तिथे सगळं खरं लिहिलेलं होतं, रोज, दोनशे अकरा हिरवे आणि एक लाल, तुझ्या नावासकट. ते पान मी कधी लपवलं नाही. हे मी बरीच वर्षं स्वतःला ऐकवत आले. पण बॅज असतोच मुळी मागचं पान उघडावं लागू नये म्हणून. सतरा गावं, शेकडो माणसं, कुणीही उघडलं नाही. तूही नाहीस. बॅजचा रंग माणूस देत नाही हा नियम तुझाच, तेव्हा तू कशाला उघडशील?

एप्रिलमध्ये तू प्रोजेक्ट सोडलंस. सगळ्यांना पाठवलेल्या निरोपात लिहिलंस की तुझं एक माप चुकलं, त्यामुळे बाकीच्या मापांवरही आता तुझा भरवसा नाही, आणि इर्मेलीने वेळेवर पकडलं म्हणून तिचे आभार. तो निरोप मी जपून ठेवला आहे. त्याला मी उत्तर पाठवलं होतं, 'तुझी उणीव भासेल', दोन शब्द आणि एक क्रियापद. मग मे महिन्यात तू बसने आलीस, बरोबर तुझं बर्फाचं गिरमिट घेऊन, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेलं. "लाव तुझ्या भिंतीवर," म्हणालीस. "आता तिकडे सगळे हिरवं बघून जातात. ओस्मो मला म्हणतो, 'थांबा-कैसू, तुला आता पेन्शन.'" ओस्मो तुमच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि थांबा-कैसू हे तुझं गावातलं जुनं नाव, तीस वर्षं तू काठावर उभी राहून लोकांना 'थांबा' म्हणत आलीस आणि ते वैतागून थांबत आले. तू हे सांगताना हसलीस. मी खिळा ठोकला आणि गिरमिट लावलं. माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर आहे. मी मान वर केली की तेच दिसतं. म्हणून मी बरीच वर्षं मान खाली घालूनच लिहिते.

पुढचे दोन हिवाळे बर्फ काचेसारखा आला आणि काही झालं नाही. गेल्या हिवाळ्यात हिमावर पाऊस पडला, मग गोठलं, मग पुन्हा पाऊस. मार्चच्या एकोणीस तारखेला, तो राहतो त्या बेटावरून येताना उर्होची गाडी हांकानिएमीला पुढच्या चाकांनी खाली गेली. मागे दोन मेंढ्या होत्या. त्याने मागचं दार उघडून एक बाहेर ओढली. दुसरीपर्यंत हात पोचला नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस छातीपर्यंत भिजून अर्धा मैल चालत काठावर आला, काखेत मेंढी घेऊन. हे मला तूच फोनवर सांगितलंस, आणि सांगताना तुझा आवाज काळजीचा नव्हता, रागाचा होता. "जास्त भरली असणार गाडी. पन्नास वर्षं सांगतेय त्याला."

आणि मग मंडळाच्या घरातली ती यंदाच्या एप्रिलमधली कॉफी. तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस, प्रोग्रॅमच्या वतीने कुणीतरी असावं म्हणून. ओस्मोने विचारलं, गाडीत काय काय होतं. उर्हो म्हणाला, "दोन मेंढ्या आणि एक म्हातारा. एवढं जड होतं तर बेटावरच खाल्लं असतं एकीला." लोक हसले. ओस्मो म्हणाला, "आणि वैरणीचे गठ्ठे?" "गठ्ठे नव्हते." "आणि बाटल्या?" पुन्हा हसू. उर्हो हसला नाही. तो तुझ्याकडे वळून म्हणाला, "कैसू, तू बर्फ ओळखतेस. तू सांग यांना." तू कपबशी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मला काय विचारतोस, माझं माप एकदा चुकलंय. प्रोग्रॅमने गाडीला हो म्हटलं होतं, बॅज हिरवा होता. ज्या बाईने तो लिहिला ती समोर बसली आहे. तिला विचार." मग उर्हो माझ्याकडे वळला. तुझ्यासारखेच फिके निळे डोळे. त्याने विचारलं सुद्धा नाही, फक्त बघितलं. मी म्हटलं, "प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण आहेत." ओस्मोने टाळी वाजवून 'झालं तर मग' म्हटलं. तू पुल्लाची, त्या गोड पावाची, दुसरी फोड माझ्यापुढे केलीस, आणि मी ती खाल्ली. वेलदोडा जरा जास्त झाला होता. एवढं सगळं घडत असताना मला तेवढं कळत होतं.

तेव्हापासून तू आणि उर्हो बोलत नाही, हे मला तुझ्या वाढदिवसाच्या फोनवरून कळलं. मंडळाची चिटणीस म्हणून गाडी जास्त भरल्याबद्दल त्याला रस्त्यावर बंदी घालायचा ठराव तूच लिहिला आहेस, हे तू सप्टेंबरात सांगितलंस. "सख्खा भाऊ म्हणून मी नियम वाकवला असं कुणी म्हणायला नको," म्हणालीस. मी म्हटलं, "बरोबर आहे." नौका बंद झाली की बेटावरून यायला बर्फाखेरीज वाट नाही. गाडी नेता आली नाही तर मेंढ्यांची वैरण पोचणार नाही, म्हणजे त्याला मेंढ्या काढून टाकाव्या लागतील, आणि मेंढ्या गेल्या की तो बेटावर कशासाठी राहील? हे तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

आता जे उरलं ते. वर मी लिहिलं की तुझं भोक ओढ्याजवळ पडलं असेल असं मला वाटलं. फेब्रुवारीत फोनवर बोलताना ते खरं होतं. मेळाव्यानंतरच्या सोमवारी मी ती ओळ काढायला खरोखर बसले होते. काढण्याआधी एकदा तुझी चूक कागदावर दाखवून द्यावी म्हणून आलेख-कागद घेतला आणि हाताने गणित केलं, दोन थर, मध्ये पाणी, वरून चाक. चूक तुझी निघाली नाही. सोळाच धरायचे होते. वर आणखी सुरक्षेसाठी काही वजा करायला हवं होतं, तेवढंही तू केलेलं नव्हतंस. म्हणजे तू प्रोग्रॅमवर दया दाखवली होतीस. सकाळचे अकरा वाजले होते. ओळ काढली असती तर बॅज लाल झाला असता आणि सतरा गावांना कळवावं लागलं असतं की मेळाव्यात मी दाखवलं ते खोटं होतं. मी कागदावर तारीख घातली, घडी केली आणि खणात ठेवला. कैसू, म्हणजे ती माझी नुसती चूक नव्हती. मला माहीत होतं. मंडळाच्या घरात उर्होने माझ्याकडे बघितलं तेव्हा तो कागद तीन वर्षांचा झाला होता. आणि मी ती लाल चाचणी एकदाही पुसली नाही. पुसली असती तर लबाडी केली असं मला वाटलं असतं. माझ्या प्रामाणिकपणाची मजल तेवढीच.

मंगळवारी मी राग्नहिल्डला उत्तर लिहिलं: ओळ राहून गेलेली नाही, मी घातलेली आहे, कशासाठी तेही लिहिलं, आणि ती मीच काढीन, तू हात लावू नकोस. पोरगी शहाणी आहे. तिने फक्त एवढंच विचारलं, "नापास झालेल्या चाचणीपुढे ज्यांचं नाव आहे ते कोण? त्यांचं नाव मला माहितीपानांत कुठेच सापडलं नाही." तुझं नाव मी काम करणाऱ्यांच्या यादीतून काढलं नव्हतं, तू स्वतःच काढायला सांगितलं होतंस. मी वाद घातला नव्हता, एवढंच. काल सकाळी ओळ काढली. यंत्राने चाचण्या चालवल्या, सहा मिनिटं लागली, आणि पहिल्या पानावर बॅज लाल झाला. तसाच राहू दिला आहे. तुमचं गाव सोडून बाकी सोळा गावांना काल कळवलं की बर्फ धरण्याआधी 'कोह्वा' वापरणं बंद करा, आणि का ते. ओस्मोला सोमवारी कळवीन. तोवर हे पत्र तुझ्याकडे पोचलेलं असेल. त्याच्या तोंडून तुला कळू नये. पंधरा तारखेला मी सकाळच्या बसने येते. उर्होसमोर उभी राहून सगळं माझ्या तोंडाने सांगेन. हे पत्र सभेत वाचून दाखवायचं असेल तर वाच, एकही वाक्य गाळू नकोस. मी आत येऊ नये असं तुला वाटलं तर मी बाहेर बाकावर बसेन आणि बोलावलंत तर येईन.

उर्होविरुद्धचा ठराव तू फाडशील, त्याला माझ्या पत्राची तितकी गरज नाही. लाल बॅज आणि खणातला कागद एवढा पुरावा पुरे आहे, आणि तो मी ओस्मोला पाठवू शकले असते. तुला वेगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. गेली पावणेचार वर्षं तू काठावर उभी राहिली नाहीस. तुझा स्वतःचा भाऊ सगळ्या मंडळासमोर 'तू बर्फ ओळखतेस' म्हणाला, तर तू त्याला माझ्याकडे बोट दाखवलंस, कारण तुझं एक माप चुकलं होतं असं मी तुला सांगितलं. ते चुकलं नव्हतं. रेघा तुला दोन दिसत होत्या त्याही दिवशी तू बरोबर रेघ वाचलीस. तुझे डोळे चांगले होते, कैसू. हे तुला दुसऱ्या कुणी सांगता येणार नाही, कारण दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. बर्फ तीन आठवड्यांत धरेल. कुणीतरी जाऊन भोक पाडायला हवं.

तुझीच म्हणवून घेण्याचा हक्क राहिला आहे की नाही ते तू ठरव,
इर्मेली

सोबत, आजच्या बसच्या पार्सलने पाठवलेल्या वस्तूंची नोंद:

'कोह्वा'ची मालकी, आजपासून कैसू तोल्वानेन यांच्या नावावर. प्रवेशाचे शब्द बंद लिफाफ्यात. माझं नाव व्यवस्थापकांमधून काढलं आहे. गाभा नव्याने लिहायला राग्नहिल्ड तयार आहे, तिचा पत्ता त्याच लिफाफ्यात.

बॅज रंगवणारी फाईल, छापील, दोन पानं. एक्केचाळिसावी ओळ खोडलेली, शेजारी कारण आणि माझी पूर्ण सही.

आलेख-कागद, एक, घडी घातलेला. तारीख त्या सोमवारची.

तुझा एप्रिलचा निरोप, मूळ प्रत. आभार परत करत आहे.

बर्फाचं गिरमिट, एक. पातं धार लावलेलं, मुठीवरची लाल चिंधी तशीच ठेवली आहे.

देणारी: इर्मेली हक्काराइनेन
घेणारी: